साधन आणि संवाद : शैक्षणिक तंत्रज्ञान व शिक्षकांच्या परस्परसंपर्काचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

भारतातील शैक्षणिक तंत्रज्ञानाचा इतिहास सामान्यतः साधनांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रथम आकाशवाणी, नंतर दूरचित्रवाणी, त्यानंतर उपग्रह, संगणक, इंटरनेट आणि अखेरीस भ्रमणध्वनी, असा हा क्रम असतो. प्रत्येक साधनासोबत एक योजना, एक उद्घाटन आणि शाळा-महाविद्यालयांना पुरविलेल्या संचांची आकडेवारी येते. या मांडणीत एक घटक मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. ज्या शिक्षकाच्या हाती हे साधन दिले गेले, तो आपल्यासारख्याच दुसऱ्या शिक्षकाशी त्या साधनाविषयी कोठे आणि केव्हा बोलू शकत होता, आलेली अडचण कोणाला सांगू शकत होता, आणि त्याने केलेली सुधारणा इतरांपर्यंत कशी पोहोचत होती, हा तो घटक होय.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित घटकाच्या अंगाने शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे. त्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून २०२० पर्यंतच्या काही निवडक प्रयोगांचा विचार केला असून महाराष्ट्राचा संदर्भ जेथे प्रत्यक्ष येतो तेथे तो विशेषत्वाने नोंदविला आहे. साधनांचा पुरवठा आणि शिक्षकांचा परस्परसंवाद या दोन गोष्टी एकत्र आल्या तेथे साधन वर्गात रुजले. केवळ साधन पोहोचले तेथे त्याचा वापर योजनेच्या मुदतीपुरता राहिला, असे या मागोव्यातून दिसून येते. हे विधान साधे वाटले तरी त्याला काही अपवाद आणि मर्यादा आहेत. त्यांचीही चर्चा येथे केली आहे.

पूर्वपीठिका : नियतकालिक आणि स्थानिक साधने

शिक्षकांनी एकमेकांशी व्यावसायिक पातळीवर बोलावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण खात्याच्या आश्रयाने ‘शाळापत्रक’ हे मासिक निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी त्याचे संपादन केले. गावोगावच्या मराठी शाळांतील पंतोजींना समोर ठेवून काढलेले हे पत्र म्हणजे विखुरलेल्या शिक्षकांना एका सूत्रात आणण्याचा एक प्रारंभिक प्रयत्न म्हणता येईल. तथापि त्याचा प्रवाह मुख्यतः वरून खाली असाच होता. खात्याने सांगावे आणि शिक्षकाने वाचावे, अशी ती रचना होती.

या रचनेत महत्त्वाचा बदल घडला तो बालशिक्षणाच्या चळवळीमुळे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी पद्धती ही मुळातच साधनांवर आधारलेली पद्धती. परंतु तिची मूळ साधने महागडी होती आणि भारतीय खेड्यातील शाळेला ती परवडणारी नव्हती. ताराबाईंनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथील कार्यात बिया, खडे, शिंपले, पाने अशा परिसरातील वस्तूंतून तोच हेतू साधणारी साधने विकसित केली. अनुताई वाघ यांनी हे कार्य पुढे नेले. या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की साधन, शिक्षिकांचे प्रशिक्षण आणि ‘शिक्षण पत्रिका’ हे नियतकालिक या तिन्ही गोष्टी एकाच चळवळीच्या अंगभूत भाग होत्या. साधन तयार करणारी, ते वर्गात वापरणारी आणि त्याविषयी इतरांना सांगणारी व्यक्ती बहुधा एकच असे. स्वातंत्र्योत्तर काळातील मोठ्या योजनांत नेमका हाच मेळ विस्कळीत झालेला दिसतो.

दूरचित्रवाणीचा काळ : दिल्ली ते ‘साइट’

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणी पाठांचा प्रकल्प सुरू झाला. प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित विज्ञान शिक्षक यांची उणीव पडद्यावरील उत्तम शिक्षकाने भरून काढावी, अशी त्यामागील भूमिका होती. या भूमिकेत वर्गातील शिक्षकाचे स्थान आपोआपच दुय्यम ठरत होते. तो पाठाची पूर्वतयारी करून देणारा आणि पाठ संपल्यावर प्रश्न विचारणारा साहाय्यक झाला.

याच विचाराचा सर्वांत मोठा आविष्कार म्हणजे उपग्रह शिक्षण दूरचित्रवाणी प्रयोग, जो ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाद्वारे आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट प्रक्षेपण करण्यात आले. तारेच्या जाळीपासून बनविलेल्या छत्रीसारख्या अँटेना गावोगावी उभारल्या गेल्या. सकाळच्या वेळी पाच ते बारा वर्षे वयोगटातील मुलांसाठी प्रत्येक भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम दाखविला जाई. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता; मात्र येथील पुढील योजनांची घडण याच प्रयोगाच्या अनुभवावर झाली.

‘साइट’च्या तांत्रिक यशाविषयी दुमत नाही. शिक्षकांच्या दृष्टीने मात्र त्यातील एक उपक्रम विशेष लक्षणीय आहे. सुटीच्या काळात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण याच माध्यमातून घेण्यात आले आणि त्याचा लाभ सुमारे ५० हजार शिक्षकांना मिळाला. दूरचित्रवाणी, आकाशवाणी, मुद्रित साहित्य आणि प्रत्यक्ष कृती यांचा मेळ त्यात घातला होता. शिक्षक केंद्रांवर एकत्र येत, पडद्यावरील पाठ पाहत आणि नंतर स्वतः प्रयोग करीत. म्हणजे एकत्र बसून शिकण्याची सोय या प्रयोगात काही दिवसांपुरती का होईना निर्माण झाली होती. परंतु ही केंद्रे प्रशिक्षणापुरतीच होती. वर्षाअखेर उपग्रह ठरल्याप्रमाणे दुसरीकडे हलविला गेला आणि त्याबरोबर या केंद्रांना एकत्र आणणारे निमित्तही संपले.

होशंगाबाद : मासिक बैठकीचा प्रयोग

‘साइट’चे पडदे मध्य प्रदेशात लागले त्याच सुमारास त्याच राज्यातील होशंगाबाद जिल्ह्यात अगदी निराळ्या स्वरूपाचा प्रयोग चालू होता. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसुलिया या संस्थांनी १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत नेण्यात आला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची जबाबदारी घेतली. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ या कार्यक्रमात सहभागी होते.

या कार्यक्रमातही साधने होतीच. प्रत्येक शाळेला प्रयोगसाहित्याची पेटी दिली जाई आणि ‘बालवैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकातील प्रयोग विद्यार्थी गटागटाने करीत. परंतु कार्यक्रमाचा खरा आधार होता तो शिक्षकांच्या मासिक बैठका. परिसरातील शाळांचे विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र येत आणि कोणता प्रयोग फसला, कोणत्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, पेटीतील कोणती वस्तू निरुपयोगी ठरली, याची चर्चा करीत. या चर्चेचे प्रतिबिंब पाठ्यपुस्तकाच्या सुधारित आवृत्त्यांत उमटे. ‘होशंगाबाद विज्ञान’ या पत्रिकेतून शिक्षकांचे अनुभव इतरांपर्यंत पोहोचत. आठवीच्या परीक्षेत विज्ञानाचा पेपर पुस्तक उघडे ठेवून सोडविण्याची मुभा मिळाली, त्यामुळे वर्गातील बदलाला परीक्षेचाही आधार लाभला.

महाराष्ट्राशी या प्रयोगाचा धागा अनेक मार्गांनी जुळतो. १९७८ च्या सुमारास या कार्यक्रमात सहभागी झालेले अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून भूमितीच्या आकृती तयार करण्याची कल्पना तेथेच विकसित केली. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील बालविज्ञान केंद्रातून टाकाऊ वस्तूंपासून बनविलेली त्यांची शेकडो खेळणी शिक्षकांपर्यंत पोहोचली. पुण्याहून निघू लागलेले ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिकही ‘एकलव्य’च्या हिंदी ‘संदर्भ’च्या प्रेरणेतूनच आकाराला आले.

येथे एक आक्षेप घेता येण्यासारखा आहे. शिक्षकांचा संवाद हे यशाचे गमक असेल, तर २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद का पडला? या आक्षेपाचे उत्तर कार्यक्रमाच्या अंतर्गत दुर्बलतेत शोधण्यापेक्षा त्याच्या प्रशासकीय स्थानात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. तीस वर्षे चाललेला आणि पुढील काळात अनेक जिल्ह्यांत पसरलेला हा कार्यक्रम राज्य शासनाच्या निर्णयाने थांबविण्यात आला. वर्गांनी तो सोडून दिला नव्हता. शिक्षकांचे संपर्कजाळे साधनाला टिकवू शकते, परंतु धोरणात्मक मान्यतेवाचून ते स्वतःचे रक्षण करू शकत नाही, हा या घटनेचा बोध आहे. असे असूनही कार्यक्रम बंद झाल्यावर त्यातील माणसे, पुस्तके आणि पद्धती इतरत्र कार्यरत राहिल्या. ‘साइट’च्या ग्रहणसंचांच्या वाट्याला असे उत्तरायुष्य आले नाही.

१९८४ ते १९९५ : योजनांचे दशक

‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात गेल्यानंतर शैक्षणिक प्रक्षेपणाला कायमस्वरूपी आधार मिळाला. १९८४ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था म्हणजेच ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ या कार्यक्रमाचे प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यासाठी पुणे विद्यापीठासह काही विद्यापीठांत निर्मिती केंद्रे स्थापन झाली. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या योजनेखाली ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ संगणक प्रारंभी २५० शाळांत बसविण्यात आले. पुढे १९९३ मध्ये विद्यापीठीय निर्मिती केंद्रांच्या समन्वयासाठी शैक्षणिक संप्रेषण संकुल ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

या तिन्ही उपक्रमांतील साधने भिन्न असली तरी त्यांची अडचण समान होती. प्रक्षेपणाची वेळ दूर कोठेतरी ठरत होती आणि तासिकेची वेळ महाविद्यालयात ठरत होती. ‘कंट्रीवाइड क्लासरूम’चे कार्यक्रम इंग्रजीत असत आणि त्यांचे स्वरूप अभ्यासक्रमाला पूरक असे सर्वसाधारण होते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला ते जवळचे वाटणे कठीण होते. ‘बीबीसी मायक्रो’सोबत आलेल्या आज्ञावलीही इंग्रजीत होत्या. या अडचणी वर्गातील शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच जाणवण्यासारख्या होत्या. परंतु ती जाणीव निर्मात्यापर्यंत किंवा शेजारच्या महाविद्यालयातील सहकाऱ्यापर्यंत नेणारा नियमित मार्ग योजनेत नव्हता.

याच दशकात मात्र शिक्षकांना एकत्र आणणाऱ्या काही संस्थाही निर्माण झाल्या. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्राथमिक स्तरावर ‘खडू-फळा मोहीम’ आली आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन होऊ लागल्या. खडू-फळा मोहिमेने प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य देण्याचे उद्दिष्ट ठेवले. तंत्रज्ञानाच्या चर्चेत दोन शिक्षकांच्या या अटीचे महत्त्व क्वचितच ओळखले जाते. एकशिक्षकी शाळेतील शिक्षकाला साहित्याविषयी बोलायला जवळ सहकारीच नसतो. दुसरा शिक्षक हा त्याच्या व्यावसायिक संपर्काचा पहिला दुवा असतो.

महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना आली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि त्या केंद्रातील शिक्षकांची नियमित गटसंमेलने असे तिचे स्वरूप होते. ही संमेलने पुढे शिक्षण परिषद या नावाने ओळखली जाऊ लागली. रचनेच्या दृष्टीने ती होशंगाबादच्या मासिक बैठकीची जवळची आप्त होय. फरक इतकाच की होशंगाबादमध्ये बैठकीचा विषय शिक्षकांच्या अडचणींतून ठरत असे, तर केंद्रसंमेलनावर परिपत्रके आणि माहितीसंकलन यांचा भार वाढत गेला.

उच्च शिक्षण : उद्बोधन वर्गापासून गुणांकनापर्यंत

महाविद्यालयीन शिक्षकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये अकॅडेमिक स्टाफ कॉलेजची योजना आखली. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग हे तिचे दोन मुख्य उपक्रम. या संस्थांचे पुढे मानव संसाधन विकास केंद्रे असे नामांतर झाले आणि २०२३ पासून त्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे या नावाने ओळखल्या जातात.

या वर्गांचे औपचारिक फलित म्हणजे प्रमाणपत्र. परंतु त्यांचे अनौपचारिक फलित कदाचित अधिक मोलाचे होते. निरनिराळ्या जिल्ह्यांतील एकाच विषयाचे प्राध्यापक तीन-चार आठवडे एकत्र राहत, एकमेकांच्या अध्यापनाच्या नोंदी पाहत, संदर्भग्रंथांची नावे टिपून घेत. तालुक्याच्या गावी आपल्या विषयाचा एकमेव प्राध्यापक असलेल्या व्यक्तीला विषयबंधू लाभण्याची ही दुर्मीळ संधी होती. या संधीचा उपयोग पुढे टिकवून ठेवण्याची व्यवस्था मात्र योजनेत नव्हती. वर्ग संपला की संपर्क व्यक्तिगत स्नेहावर अवलंबून राहत असे.

३० जून २०१० च्या आयोगाच्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीच्या गुणांकनाची पद्धत आणली. चर्चासत्रातील सहभाग, शोधनिबंधवाचन, प्रकाशन या प्रत्येकाला गुण प्राप्त झाले. शिक्षकांनी एकमेकांशी विचारविनिमय करावा यासाठी प्रोत्साहन देण्याचा त्यामागील हेतू योग्यच होता. तथापि संवादाचे मोजमाप सुरू होताच संवादाचे स्वरूप बदलले. ज्या सत्रात शंका विचारली जाते त्यापेक्षा ज्या सत्राचे प्रमाणपत्र मिळते ते महत्त्वाचे ठरू लागले. १८ जुलै २०१८ च्या विनियमांनी ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी बरीच शिथिल केली. परंतु प्रमाणपत्रसंग्रहाची सवय विनियमाबरोबर बदलत नाही, हे २०२० मधील ऑनलाइन व्याख्यानांच्या लाटेत दिसून आले.

लिपीचा अडसर

संगणक महाविद्यालयांत आला, इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी खुले झाले, आणि तरीही मराठी माध्यमातील शिक्षकांना परस्परांशी अध्ययनसामग्रीची देवाणघेवाण करणे दीर्घकाळ शक्य झाले नाही. याचे कारण इतिहासलेखनात सहसा नोंदविले जात नाही. ते कारण लिपीच्या तांत्रिक प्रश्नात आहे.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचा विकास पुढे नेला. भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणालीही १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. परंतु व्यवहारात श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे निरनिराळे टंक प्रचलित झाले आणि त्यांची अक्षरांना दिलेली अंतर्गत संकेतयोजना परस्परांशी जुळत नव्हती. एका महाविद्यालयात टंकलिखित केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या महाविद्यालयाच्या संगणकावर उघडली की तेथे अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. परिणामी मराठीतील सामग्रीची देवाणघेवाण छापील प्रतीनेच होत राहिली. इंग्रजीतून शिकविणाऱ्या शिक्षकाला ई-मेलचा जो लाभ तत्काळ मिळाला, तो मराठीतून शिकविणाऱ्याला मिळाला नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून होता. परंतु ‘विंडोज २०००’सारख्या प्रणालीने त्याला प्रत्यक्ष आधार दिल्यानंतर आणि पुढे भ्रमणध्वनीवर देवनागरी टंकन सुलभ झाल्यानंतरच ही कोंडी फुटली. आजच्या मराठी शिक्षकांच्या आंतरजालीय गटांची पायाभरणी एखाद्या शैक्षणिक योजनेपेक्षा लिपीच्या या प्रमाणीकरणाने अधिक केली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. साधन उपलब्ध असणे आणि ते आपल्या भाषेत वापरता येणे यांतील अंतर किती मोठे असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

द्विमार्गी संपर्काकडे

२० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. त्याच्या प्राथमिक चाचणीसाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा समावेश होता. ‘साइट’च्या तुलनेत येथे एक मूलभूत फरक होता. दूरच्या वर्गातून प्रश्न विचारता येत होता आणि स्टुडिओतील तज्ज्ञ त्याचे उत्तर देऊ शकत होता. तथापि हा संवाद केंद्र आणि परीघ यांच्यातील होता. परिघावरील दोन वर्ग एकमेकांशी क्वचितच बोलत. उपग्रहाचे कार्य २०१० मध्ये संपले.

परिघावरील केंद्रांना स्वतंत्र भूमिका देण्याचा उल्लेखनीय प्रयत्न मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने केला. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मिशनखाली २००९ नंतर प्रा. दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली प्रथम एक हजार आणि पुढे दहा हजार शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवून अभियांत्रिकी शिक्षकांच्या कार्यशाळा घेण्यात आल्या. पवईहून व्याख्यान थेट प्रसारित होई. परंतु प्रात्यक्षिके देशभरातील दूरस्थ केंद्रांवर स्थानिक समन्वयक घेत. या समन्वयकांचे प्रशिक्षण मुख्य कार्यशाळेपूर्वी होत असे. म्हणजे प्रत्येक केंद्रावर शंका विचारण्याजोगी एक परिचित व्यक्ती आणि सोबत बसून काम करणारे सहकारी उपलब्ध होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या ‘साइट’मधील सुटीतील प्रशिक्षणकेंद्रांनी जे अल्पकाळ साधले होते, त्याचीच ही अधिक सुसंघटित आवृत्ती म्हणता येईल.

शालेय स्तरावर जून २०१५ मधील ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतरच्या काळात जिल्हा परिषद शाळांतील अनेक शिक्षकांनी लोकवर्गणीतून संगणक व प्रोजेक्टर मिळविले आणि त्यासाठीची सामग्री स्वतः तयार केली. येथे प्रथमच साधन वरून आले नाही, तर शिक्षकाने ते गावाकडून मागून घेतले. व्हॉट्सअ‍ॅपवरील शिक्षकगटांतून ही सामग्री तालुक्यातालुक्यांत पसरली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेतांक वापरण्याचा प्रयोग केला. असे संकेतांक पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटून दिली. या घटनेकडे एका व्यक्तीचा गौरव म्हणून पाहिले जाते; प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की वर्गातील शिक्षकाने शोधलेली युक्ती राज्याच्या व्यवस्थेपर्यंत वर जाऊ शकली.

२०१७ : एक वर्ष, दोन घटना

२०१७ या वर्षातील दोन घटना एकत्र पाहणे उद्बोधक ठरते. त्या वर्षी पुण्यातील ‘बालचित्रवाणी’ बंद करण्यात आली. त्याच वर्षी केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ जुलैत आणि ‘दीक्षा’ हे शिक्षकांसाठीचे व्यासपीठ सप्टेंबरमध्ये सुरू झाले. एक साधन गेले आणि दुसरे आले, असा याचा सरळ अर्थ लावता येईल. परंतु त्यामुळे महत्त्वाचा प्रश्न दृष्टिआड होतो. तेहतीस वर्षांत शेकडो शिक्षकांनी ‘बालचित्रवाणी’चे कार्यक्रम वर्गात दाखविले असतील. कोणता कार्यक्रम मुलांना समजला, कोणता कंटाळवाणा वाटला, कोठे शिक्षकाला थांबून स्पष्टीकरण द्यावे लागले, हे ज्ञान त्या शिक्षकांपाशी होते. ते एकत्र करण्याची यंत्रणा असती तर नव्या व्यासपीठाला त्याचा थेट उपयोग झाला असता. यंत्रे बदलताना अनुभव मागे राहतो, आणि प्रत्येक नवी योजना पहिल्या पायरीपासून सुरू होते.

मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत या उणिवेची किंमत प्रकर्षाने जाणवली. अध्यापन एका रात्रीत पडद्यावर आले. त्या वेळी वाहिन्या, व्यासपीठे, ध्वनिचित्रफिती यांची कमतरता नव्हती. सर्वाधिक उपयोगी पडला तो सहकाऱ्याला केलेला दूरध्वनी आणि शिक्षकांचे स्वयंप्रेरित गट. कोणते साधन कमी गतीच्या इंटरनेटवर चालते, भ्रमणध्वनी नसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत कसे पोहोचावे, या प्रश्नांची उत्तरे अधिकृत मार्गदर्शिकेआधी या गटांतून मिळाली.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या यशापयशाचे स्पष्टीकरण साधनाच्या प्रगततेत मिळत नाही. कोसबाडचे शिंपले आणि होशंगाबादची प्रयोगपेटी तांत्रिकदृष्ट्या साधी होती, तरीही ती दीर्घकाळ वापरात राहिली. कारण त्यांच्याभोवती शिक्षकांचा नियमित संवाद होता.

२. संवादाची दिशा महत्त्वाची ठरते. केंद्राकडून शिक्षकाकडे, शिक्षकाकडून केंद्राकडे आणि शिक्षकाकडून शिक्षकाकडे अशा तीन दिशांपैकी तिसरी दिशा बहुतेक मोठ्या योजनांत अनुपस्थित होती.

३. भाषा आणि लिपी हा तंत्रज्ञानाचा दुय्यम भाग नाही. मराठी शिक्षकांच्या परस्परसंपर्काचा विलंब मोठ्या प्रमाणात टंकांच्या विसंगतीमुळे झाला.

४. शिक्षकांची स्वयंप्रेरित जाळी प्रभावी असली तरी ती प्रशासकीय निर्णयापुढे असुरक्षित असतात, हे २००२ मधील होशंगाबादच्या अनुभवाने दाखविले. उलटपक्षी, मान्यता मिळवून देताना त्यांचे गुणांकन केले तर त्यांतील मोकळेपणा हरवतो, हे २०१० नंतरच्या अनुभवाने दाखविले. मान्यता आणि मोकळीक यांचा समतोल हाच या क्षेत्रातील न सुटलेला धोरणात्मक प्रश्न होय.

महाविद्यालयीन पातळीवर या प्रश्नाचे एक मर्यादित उत्तर शक्य आहे. परिसरातील चार-पाच महाविद्यालयांतील एकाच विषयाच्या अध्यापकांनी महिन्यातून एक दुपार एकत्र बसावे, त्या महिन्यात वापरलेल्या साधनांची व त्यांतील अडचणींची नोंद ठेवावी आणि ती नोंद पुढील अध्यापकाच्या हाती द्यावी. त्यासाठी उपग्रह लागत नाही, अनुदान लागत नाही. वेळापत्रकातील तेवढी दुपार मोकळी ठेवणे आणि त्या बैठकीचे प्रमाणपत्र न मागणे, एवढीच संस्थेकडून अपेक्षा आहे. पन्नास वर्षांपूर्वी होशंगाबादच्या ग्रामीण शिक्षकांनी हे करून दाखविले होते. आजच्या महाविद्यालयांपाशी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत.